मुलाचा वाटा आईच्या हातीं

मुलांच्या पोषणाचा भार कोणीं वाहावा, ह्या प्रश्नास आमच्या एकत्र कुटुंबांत एकच उत्तर असे : कर्त्या पुरुषानें. तो मुंबईस नोकरीला असला तरी त्याची मनिऑर्डर रत्नागिरीस वडिलांच्या नांवें येई, आणि मुलाच्या दुधापुरते चार पैसे सुनेस सासूकडे मागावे लागत.

हा भार समाजानें वाहावा, हा विचार युरोपांत प्रथम कारखान्यांतून आला. पहिल्या महायुद्धाच्या काळीं फ्रान्समधील ग्रेनोबल येथें एमिल रोमाने ह्या गृहस्थांनीं लेंकुरवाळ्या कामगारांस वेतनाखेरीज भत्ता देवविला. पुढें १९३२ सालीं तसा कायदा झाला. न्यूझीलंडनें १९२६ सालींच सरकारी तिजोरी उघडली होती. इंग्लंडांत एलेनर रॅथबोन ह्या विदुषीनें १९२४ सालीं ग्रंथ लिहून दाखवून दिलें कीं, मजुरी कामाच्या मापानें मिळते, खाणाऱ्या तोंडांच्या नव्हे. कायदा व्हावयास १९४५ साल उजाडलें. दुसऱ्या मुलापासून प्रत्येकामागें आठवड्यास ५ शिलिंग ठरले. पण मूळ मसुद्यांत ही रक्कम बापाची होती! पार्लमेंटच्या सभासद असलेल्या बाईंनीं निकरानें विरोध केला, आणि पैसे आईचे ठरले. वाटप ऑगस्ट १९४६ मध्यें सुरू झालें. बाई त्याच जानेवारींत निवर्तल्या होत्या.

आमच्या वाचकांस येथें स्त्रीधन आठवेल. आमच्याच जिल्ह्यांतील भारतरत्न पां. वा. काणे ह्यांनीं धर्मशास्त्राच्या इतिहासांत त्याची साक्षेपी चर्चा केली आहे. मिताक्षरेनें त्या शब्दाचा अर्थ पुष्कळ उदार केला. तथापि तें धन स्त्रीस मिळे तें बहुधा आप्तांकडून. सरकारचें देणें ही गोष्ट निराळी.

महाराष्ट्रांत २०१६ सालीं ‘माझी कन्या भाग्यश्री’ व तिच्या जागीं २०२३ सालीं ‘लेक लाडकी’ योजना आली. पिवळ्या वा केशरी शिधापत्रिकेच्या, लाखापर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांत १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलीस जन्मतः ५,००० रुपये, पहिलींत ६,०००, सहावींत ७,०००, अकरावींत ८,००० आणि अठरा वर्षें पुरीं झाल्यावर ७५,०००, एकूण १,०१,०००. रक्कम आई व मुलगी ह्यांच्या संयुक्त खात्यांत पडते, हें आम्हांस विशेष आवडलें. २०११ च्या शिरगणतींत रत्नागिरी जिल्ह्यांत हजार पुरुषांमागें ११२२ स्त्रिया होत्या. पुरुष मुंबईस, संसार आईच्या अंगावर.

मात्र दोन गोष्टी खटकतात. इंग्लंडचा भत्ता दुसऱ्या मुलापासून सुरू होई. आमचा दुसऱ्यापाशीं थांबतो, आणि पुढील हप्त्यांस कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेचा दाखला लागतो. त्यांत आमची तक्रार नाहीं. पण जन्मापासून पहिलीपर्यंत, म्हणजे दूध आणि औषधपाणी ह्यांच्याच वर्षांत, एक छदामही मिळत नाहीं. आणि तीन-चतुर्थांश रक्कम नेमकी अठराव्या वर्षीं! ती शिक्षणास जाईल कीं लग्नाच्या मांडवांत, हें घरोघरच्या वडिलांनीं ठरवावयाचें.

आमच्या बहुतेक वाचकांस ही योजना लागू नाहीं. त्यांच्याकडे भांडीं घासणाऱ्या बाईस असेल. अर्ज अंगणवाडी सेविकेकडे द्यावयाचा. जन्मदाखला, उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, आधार व बँकेचें पुस्तक जमवितांना तिचा रोज बुडतो. घरांतील कॉलेजांत जाणाऱ्या मुलामुलींनीं एखादा रविवार तिचा अर्ज भरण्यास द्यावा.