शोषखड्डा आणि विहीर

परसात एका बाजूला सेप्टिक टँक आणि दुसऱ्या बाजूला विहीर, हे आपल्याकडे नेहमी दिसणारे दृश्य. टाकीतले जिवाणू सारी घाण संपवतात आणि बाहेर पडते ते शुद्ध पाणी, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तसे घडत नाही.

टाकीत जड गाळ तळाशी बसतो, तेलकट फेस वर तरंगतो. हवेशिवाय जगणारे जिवाणू गाळाचा काही भाग कुजवतात. मधल्या थरातले पाणी शोषखड्ड्यात जाते, तेव्हा त्यात रोगजंतू असतातच. ते अडतात पुढे, मातीत. पाणी बारीक कणांमधून सावकाश झिरपताना जंतू कणांना चिकटतात आणि मरतात. म्हणूनच भारतीय मानकाने शोषखड्डा आणि विहीर यांत किमान १८ मीटर अंतर सांगितले आहे.

मात्र कोकणातला सच्छिद्र जांभा किंवा देशावरचा भेगाळ काळा पाषाण म्हणजे माती नव्हे. भेगांतून पाणी न गाळताच धावते. पावसाळ्यात भूजल वर चढले, की मधला कोरडा थरही उरत नाही. अशा जागी १८ मीटरही अपुरे पडू शकतात.

पाणी उकळल्याने जंतू मरतात. पण मैल्यातील नायट्रोजनपासून मातीत तयार झालेले नायट्रेट जात नाही. ते लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असल्यास बाटलीच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांना धोका संभवतो.

विद्यार्थ्यांना एक टेप द्या आणि शाळेच्या विहिरीपासून शोषखड्ड्यापर्यंतचे अंतर मोजायला सांगा. मग विहिरीच्या कडेला नेऊन विचारा : मध्ये माती आहे की कातळ?