सर्वे नंबरमागची ‘दंगल’

घरातला जुना सातबारा एकदा काढून बघा. गट नंबर यायच्या आधी शेताची ओळख सर्वे नंबरानं व्हायची. हा नंबर आपल्या शेताला चिकटला कसा, हे कधी विचारलंय का?

इंग्रजांनी 1818 मध्ये खानदेश घेतला. जमीन मोजायची, प्रत लावायची आणि त्यावर सारा ठरवायचा ही पद्धत मुंबई इलाख्यात विंगेट आणि गोल्डस्मिड या साहेबांनी बसवली. 1852 मध्ये मोजणीवाले खानदेशात आले आणि सावदा, फैजपूर, यावल, एरंडोल या पट्ट्यात शेतकरी रस्त्यावर उतरले. आता मोजताहेत म्हणजे उद्या सारा वाढवणार, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

त्यांना दडपायला कोण आलं, माहितीये? भिल्ल पलटण! 1825 मध्ये आउटरामनं ती उभी केली, ठाणं आपलं धरणगाव. डोंगरातल्या भिल्लांना ताब्यात आणायला भिल्ल तरुणांचीच भरती केली. पुढे तीच पलटण सपाटीवरच्या शेतकऱ्यांवर चालून गेली. सरकारी कागदात या सगळ्याला नाव काय, तर ‘दंगल’. एका शब्दात विषय खल्लास.

इतिहासकारांचं भांडण याच शब्दाशी आहे. रणजित गुहांनी 1983 मध्ये दाखवून दिलं की साहेबाचा रिपोर्ट उलटा वाचला तर त्यातूनच शेतकऱ्याचं म्हणणं ऐकू येतं. अजय स्कारिया तर थेट डांगात गेले. तिथल्या भिल्लांनी सांगितलेल्या ‘गोठी’ त्यांनी कागदपत्रांच्या शेजारी ठेवल्या. 1999 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. आजी सांगते ती गोष्टही पुरावा ठरू शकते, फक्त ती तपासून घ्यावी लागते. (व्हॉट्सॲपवरचा इतिहास यात धरू नका, भो!)

प्रोजेक्टसाठी विषय शोधताय? 1880 चं खानदेश गॅझेटियर दर्शनिका विभागाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं. आपल्या तालुक्याचं पान उघडा आणि दंगल, लुटारू, गुन्हेगार असे शब्द दिसतील तिथे पेन्सिलनं खूण करा. ते कोणी, कोणाबद्दल आणि कधी लिहिलेत ते शेजारी नोंदवा. मग धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ गाठा. तिथले जुने कागद मोडीत आहेत, त्यामुळे मोडी शिकावी लागेल. एका सुट्टीत अक्षरं लागायला लागतात.