मालकाचा रकाना

आमच्या वडिलांची पाचोऱ्यात वर्तमानपत्रांची एजन्सी होती. पहाटेच्या गाडीने गठ्ठे उतरायचे, स्टेशनाबाहेरच सुटायचे आणि उजाडायच्या आत पोरं सायकलींवर टांग मारून निघून जायची. वडील सातवीपर्यंत शिकलेले. अग्रलेखावर ते कधी बोलले नाहीत. पण दरवर्षी मार्च उजाडला की प्रत्येक अंकाची आतली पानं चाळून ते एक बारीक अक्षरातली चौकट शोधायचे : 'फॉर्म ४, नियम ८ पाहा'. प्रकाशनाचं ठिकाण, मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि शेवटच्या रकान्यात मालक. भांडवलात एक टक्क्याहून जास्त वाटा असलेल्या प्रत्येकाच्या नावासह. ती चौकट कापून ते वहीत चिकटवायचे. "मालक कोन शे ते देख पहिले," मला म्हणायचे, "मंग बातमी वाच."

१९५६ च्या वृत्तपत्र नोंदणी नियमांनी घातलेलं हे बंधन. फेब्रुवारी संपला की पुढच्या पहिल्या अंकात मालकी छापायची. पळवाटा तिथेही होत्या. मालकाच्या जागी कंपनी, कंपनीमागे दुसरी कंपनी. तरीही वाचकाला हा प्रश्न विचारायचा हक्क आहे, एवढं त्या चौकटीने मान्य केलं होतं. ती वही आज माझ्याकडे आहे, आणि मालक शोधायची ती खोडही.

पुण्यात वसतिगृहात राहणाऱ्या भाचीने फोनवर विचारलं, "मामा, इथलं वायफाय सगळ्यांचं आहे. व्हीपीएन घेते. 'सर्वोत्तम दहा'ची यादी सापडलीये, त्यातलं कोणतं घेऊ?" तिला उत्तर द्यायला बसलो आणि पुढचे कित्येक महिने त्यातच गेले.

व्हीपीएन म्हणजे काय हे आता सांगायला नको. पण एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आपली ये-जा लपते ती वायफायवाल्यापासून आणि इंटरनेट पुरवणाऱ्यापासून. खुद्द व्हीपीएन कंपनीपासून नव्हे. घराची किल्ली एका शेजाऱ्याकडून काढून दुसऱ्याकडे दिली, इतकंच. म्हणून या धंद्यात वेग, किंमत, सवलत हे सगळे नंतरचे प्रश्न. पहिला प्रश्न वडिलांचाच.

भाचीच्या यादीत वरच्या जागांवर वेगवेगळी नावं होती. त्यांचा माग काढत गेलो की एकाच उंबऱ्यावर पोचतो : केप टेक्नॉलॉजीज. २०११ मध्ये इस्रायलमध्ये सुरू झालेल्या या कंपनीचं आधीचं नाव क्रॉसरायडर. ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमसाठी ती साधनं पुरवायची, आणि लोकांच्या पडद्यावर न मागितलेल्या जाहिराती घुसवणाऱ्यांनी त्या साधनांचा भरपूर वापर केला. २०१४ मध्ये ती लंडनच्या शेअर बाजारात उतरली. मुख्य भागधारक टेडी सागी, ऑनलाइन जुगाराचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्लेटेकचे संस्थापक. २०१७ मध्ये कंपनीने रोमानियातली सायबरघोस्ट घेतली, २०१८ मध्ये जुनं नाव टाकून 'केप' झाली, त्याच वर्षी बर्लिनची झेनमेट घेतली आणि २०१९ मध्ये प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस घेण्याचा सौदा केला. सप्टेंबर २०२१ मध्ये ९३.६ कोटी डॉलरला एक्स्प्रेसव्हीपीएनचा सौदा जाहीर झाला. पाट्या जुन्याच राहिल्या. गल्ला एक झाला.

यात बेकायदा काही नाही. माझी झोप उडवली ती त्याच वर्षीच्या मार्चमधल्या एका लहान खरेदीने. केपने सुमारे १५ कोटी डॉलरला वेबसेलेनीज नावाची कंपनी घेतली. ती व्हीपीएन बनवत नाही. ती व्हीपीएनची परीक्षणं छापते. व्हीपीएनमेंटॉर, विझकेस ही तिची संकेतस्थळं. म्हणजे मल्लही त्यांचे आणि पंचही त्यांचेच. खरेदीनंतर या स्थळांच्या याद्यांत केपचीच उत्पादनं वर दिसू लागली. मालकीचा खुलासा तिथे केलेला आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण यादी वाचणारी वीस वर्षांची मुलगी तो खुलासा वाचते का? माझ्या भाचीने वाचला नव्हता.

मालक वेगळा असला तरी यादीचा हिशोब फारसा बदलत नाही. दुव्यावर टिचकी मारून गिऱ्हाइकाने पैसे भरले की यादीवाल्याला कमिशन मिळतं. व्हिडिओ मधेच थांबवून सवलतीचा कोड सांगणाऱ्याचंही तेच. आमच्याकडे बाजार समितीच्या आवारात अडत्या असतो. त्याला परवाना लागतो, आणि तो अडत घेतो हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. त्याने कधी स्वतःला कृषितज्ज्ञ म्हणवून घेतलेलं नाही. व्हीपीएनच्या बाजारात अडत्याच तज्ज्ञाच्या खुर्चीत बसला आहे.

मराठी वाचकाने हा दगा आधी सोसलेला आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत एकाच नेत्याची स्तुती शब्दशः सारखी छापून आली, आणि पत्रकार पी. साईनाथ यांनी ते कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. 'पेड न्यूज' हा शब्द तेव्हा घरोघरी पोचला. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने २०१० मध्ये नावानिशी सविस्तर अहवाल दिला. कौन्सिलने आधी तो पूर्ण छापलाच नाही. पैसे घेतले जातात यापेक्षा पैसे घेतल्याचं झाकलं जातं, हे दुखणं खोल आहे.

फुकटच्या व्हीपीएनची गोष्ट आणखी काळजीची. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा आमच्या इथल्या मोबाइलच्या दुकानांत पोरं फुकटची व्हीपीएन उतरवून घेताना मी पाहिली आहेत. कोणाचं आहे, कोणी विचारलं नाही. २०२५ मध्ये ॲरिझोना स्टेट विद्यापीठ आणि टोरांटोच्या सिटिझन लॅबशी संबंधित संशोधकांनी अशा अँड्रॉइड ॲपांची चिरफाड केली. टर्बो व्हीपीएन, व्हीपीएन प्रॉक्सी मास्टर, स्नॅप व्हीपीएन : कागदावर यांच्यामागे इनोव्हेटिव्ह कनेक्टिंग, ऑटम ब्रीझ आणि लेमन क्लोव्ह अशा तीन वेगळ्या कंपन्या, तिन्हींचा पत्ता सिंगापूरचा. संशोधकांनी कंपन्यांची कागदपत्रं आणि ॲपचा कोड असं दोन्ही तपासलं. कोड सारखा निघाला, आणि ॲपमध्येच लिहून ठेवलेला गुप्त संकेतशब्दही सामायिक निघाला. वेगवेगळ्या दुकानांची कुलपं एका किल्लीने उघडावीत, तसं. ही किल्ली ज्याच्या हाती पडेल त्याला वापरणाऱ्यांची ये-जा उलगडता येईल, हेही त्यांनी दाखवलं. त्यांनी शोधलेल्या अशा तीन कुटुंबांतली ॲप मिळून ७० कोटींहून जास्त वेळा उतरवली गेली होती. यातल्या पहिल्या, म्हणजे वरच्या तीन ॲपांच्या, कुटुंबाचे धागे चीनच्या चिहू ३६० या कंपनीपर्यंत जातात, हे त्याच वर्षी टेक ट्रान्सपरन्सी प्रोजेक्टनेही मांडलं होतं.

मग आपलं सरकार काय करत होतं? या प्रश्नापायी मी 'सर्ट-इन' या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश मिळवला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०-ब खाली काढलेला, थोड्या पानांचा. मी तो पेन्सिल घेऊन वाचला. व्हीपीएन कंपन्यांनी काय नोंदवून पाच वर्षं जपायचं त्याची यादी पाचव्या मुद्द्यात आहे : ग्राहकाचं पडताळलेलं नाव, सेवेचा काळ, आयपी पत्ते, ईमेल, सेवा कशासाठी घेतली ते कारण, पत्ता नि फोन. शेवटच्या ओळीपाशी पेन्सिल थांबली. तिथे मालकीचा तपशील मागितला होता. माझा जीव भांड्यात पडला. पुन्हा वाचलं. मालकीचा तपशील मागितला होता तो ग्राहकांचा!

वडिलांच्या वहीतली चौकट तिथे उलटी झाली होती. १९५६ मध्ये सरकारने छापणाऱ्याला सांगितलं, तुझं नाव वाचकापुढे ठेव. २०२२ मध्ये त्याच सरकारने सांगितलं, वापरणाऱ्याचं नाव कंपनीच्या दप्तरात ठेव. ग्राहकाने कंपनीला ओळखावं, यासाठी आदेशात एक ओळही नाही.

पुढे काय झालं? एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर काढून नेले. एक्स्प्रेसव्हीपीएनच्या यादीत 'भारत' मात्र राहिला. त्यामागचं यंत्र सिंगापूर नाहीतर ब्रिटनमध्ये. जे नोंदी ठेवणार नाही म्हणून उघड सांगत होते ते गेले. फुकटच्या ॲपांचा मालक कोण, हा प्रश्न होता तिथेच राहिला.

जाहिरातीच्या बाजूने थोडं बरं आहे. जून २०२२ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की शिफारस करणाऱ्याने आपला आर्थिक संबंध उघड करावा; फसव्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाखांपर्यंत दंड आहे. पण मालकीला असा काच नाही. केपची एवढी हकिकत मला सापडली, कारण ती शेअर बाजारात होती आणि बाजाराचे नियम तिला प्रत्येक सौदा जाहीर करायला लावत होते. २०२३ मध्ये सागींच्या कंपनीने उरलेले शेअर घेऊन तिला बाजारातून बाहेर काढलं. ती खिडकीही मिटली.

म्हणून माझी मागणी साधी आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या किंवा फुकट वाटल्या जाणाऱ्या प्रत्येक व्हीपीएनने वर्षातून एकदा फॉर्म ४ भरावा : ठिकाण, चालक, मालक, एक टक्क्याहून मोठा प्रत्येक वाटेकरी. आणि तो ॲप उतरवायच्या बटणाशेजारीच दिसावा.

दिवाळीला भाची पाचोऱ्याला आली, तेव्हा वडिलांची वही काढली. कोऱ्या पानावर तिने पट्टीने रकाने आखले आणि यादीतलं एकेक नाव घेऊन आम्ही भरायला बसलो. बहुतेकांचं ठिकाण सापडलं. मालकाच्या रकान्यात पुन्हा पुन्हा दुसऱ्या कंपनीचंच नाव येत गेलं. मग तिने यादीत नसलेलं एक नाव शोधलं, स्वीडनची मुलवाड. तिचे संस्थापक उघड आहेत आणि ती परीक्षणांसाठी पैसे देत नाही. एप्रिल २०२३ मध्ये पोलीस झडती घ्यायला आले, तर न्यायला ग्राहकांच्या नोंदीच नव्हत्या. माझा या कंपनीशी कसलाही संबंध नाही, हेही त्या पानावर मी लिहून ठेवलं.

"घेऊ का मग हे?" तिने विचारलं.

"पुढच्या मार्चला रकाना पुन्हा तपासणार असशील तर घे," मी म्हणालो. तिने पानाच्या वर तारीख घातली आणि वही सोबत पुण्याला नेऊ का, असं विचारलं. मी दिली.