एक चित्र, तीन साड्या

मुखपृष्ठाचं चित्र पाठवलं की संपादकांचा फोन येतो, ‘चित्र उत्तम झालंय, फक्त रंगांचे अजून दोन पर्याय द्या.’ सगळं चित्र एकाच लेअरवर रंगवलेलं असेल तर हे काम नवं चित्र काढण्याइतकंच मोठं होऊन बसतं. लेअर नीट लावलेले असतील तर त्याच रेषांवर वेगळं चित्र उभं राहतं. म्हणून रंग बदलायची तयारी पहिला रंग भरायच्या आधीच करायची असते.

एक साधं चित्र घेऊ. दिवाळीची संध्याकाळ, अंगणात तुळशीवृंदावन आणि पणती लावणारी नऊवारीतली बाई. मी हे क्रिटामध्ये करते. ते मोफत मिळतं आणि या कामाला पुरून उरतं. फोटोशॉपमध्ये किंवा प्रोक्रिएटमध्ये बटणांची नावं थोडी बदलतात, पद्धत हीच.

सगळ्यात वर रेषांचा लेअर. त्याखाली सपाट रंगांचे लेअर, प्रत्येक वस्तूचा वेगळा: त्वचा, साडी, काठ, चोळी, वृंदावन, अंगण, आकाश. साडी आणि तिचा काठ एकाच लेअरवर ठेवण्याचा मोह आवरायला हवा. साडी हिरवी असो की जांभळी, जरीचा काठ सोनेरीच राहणार असतो. सपाट रंग रेषेच्या खाली दोन-तीन पिक्सेल सरकवून ठेवावा, नाहीतर फिकट साडी गडद केली की रेषेच्या कडेनं पांढरट किनार उघडी पडते.

साडीवरच्या चुण्यांच्या सावल्या साडीच्या रंगात मिसळायच्या नाहीत. त्यांचा वेगळा लेअर, ‘मल्टिप्लाय’ मोडमध्ये. साडी आणि सावली एका ग्रुपमध्ये घालून सावलीच्या लेअरला ‘इनहेरिट अल्फा’ लावला की सावली साडीच्या बाहेर जात नाही. फोटोशॉपमध्ये हेच काम क्लिपिंग मास्क करतो. या दोन लेअरच्या मध्ये रंगछटा बदलणारा फिल्टर लेअर बसवायचा. आता साडीचा मूळ रंग तसाच सुरक्षित राहतो आणि फिल्टरचा आकडा हलवला की वरचं रूप बदलतं.

इथपर्यंत सगळं सोपं वाटतं. खरी मेहनत पुढे आहे, आणि घाईत केलेले पर्याय इथेच फसतात. ‘ह्यू’ची पट्टी सरकवली की फक्त रंग बदलतो, उजेड तेवढाच राहतो, असा समज असतो. डोळ्यांना तसं दिसत नाही. शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा या दोन्हींचा ‘लाइटनेस’ अशा पट्टीवर ५० टक्केच असतो. पण पडद्यावरच्या रंगाचा उजेड मोजताना हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लाल रंगाचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७ टक्के धरतात. म्हणजे पिवळ्याचा उजेड पांढऱ्याच्या ९३ टक्क्यांच्या आसपास आणि निळ्याचा ७. पट्टी सरकवली आणि साडी उजेडातून काळोखात गेली.

चित्र उभं राहतं ते कुठे उजळ आणि कुठे गडद या क्रमावर. आपल्या चित्रात सगळ्यात उजळ हवी पणतीची ज्योत, मग बाईचा चेहरा, मग बाकी सगळं. हिरवी साडी पिवळी केली आणि ती ज्योतीपेक्षा उजळ झाली, तर नजर पणती सोडून पदरावर जाते. म्हणून सगळ्यात वर काळ्या रंगाचा एक लेअर ‘कलर’ मोडमध्ये ठेवते. तो चालू केला की चित्र करड्या छटांत दिसतं आणि क्रम बिघडला असेल तर लगेच लक्षात येतं. पिवळ्या साडीत आणखी एक अडचण लगेच दिसते: सोनेरी काठ साडीत विरघळून जातो. तिथे काठ गडद करावा, किंवा काठाच्या आतल्या कडेला बारीक लाल रेघ ओढावी.

सावलीचा रंगही साडीबरोबर बदलायला हवा. हे आकड्यांत पाहण्यासारखं आहे. मल्टिप्लायमध्ये लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे आपापल्या जोडीशी गुणून २५५नं भागले जातात. हळदी साडीचा रंग २४०, २००, ४० धरा. तिच्यावर १५०, १५०, १५० अशी करडी सावली टाकली की १४१, ११८, २४ मिळतं. हा शेवाळी, मळका रंग. साडी जुनी झाल्यासारखी दिसते. त्याच जागी २१०, १४०, १३० अशी तांबूस सावली घेतली तर १९८, ११०, २० येतं, आणि चुण्यांत केशरी ऊब उतरते. हिरव्या साडीला मात्र निळसर सावली शोभते. सावलीच्या लेअरवर अल्फा लॉक करून नवा रंग ओतला की आकार न हलता सावली बदलते.

पैठणी धूपछाँव असेल तर एवढ्यानं भागत नाही. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, त्यामुळे कापड वळलं की रंग पालटतो. इथे ग्रेडियंट मॅप फार कामाला येतो. तो चित्रातल्या गडद ते उजळ छटांना आपण दिलेल्या रंगपट्टीवर बसवतो. गडद टोकाला जांभळा, उजळ टोकाला मोरपिशी दिला की चुणीच्या खोलगटात एक रंग आणि उंचवट्यावर दुसरा येतो. त्यासाठी हा मॅप सावलीच्याही वर, ग्रुपमध्ये सगळ्यात वर बसवावा लागतो.

साडीऐवजी वेळच बदलायची असेल, संध्याकाळची नरकचतुर्दशीची पहाट करायची असेल, तर सगळ्या चित्रावर निळसर मल्टिप्लाय लेअर चढवते. पणतीचा उजेड मात्र त्याच्याही वर, ‘अॅड’ मोडमध्ये. तो खाली राहिला तर निळ्यात बुडून ज्योत विझल्यासारखी दिसते.

प्रत्येक पर्यायाचा फिल्टर आणि सावली वेगळ्या लेअरवर ठेवावी. क्रिटातलं ‘कॉम्पोझिशन्स’ कोणते लेअर चालू, कोणते बंद एवढंच लक्षात ठेवतं. फिल्टरचे आकडे ते जपत नाही. एकाच फिल्टरमध्ये आकडे बदलत राहिलं तर आधीचा पर्याय हातचा जातो.

रंग सुटे ठेवण्याची ही रीत छापखान्याला जुनीच आहे. राजा रविवर्मांनी १८९४मध्ये मुंबईत सुरू केलेल्या छापखान्यात शिळाछपाईनं चित्रं निघत, आणि तीत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. आजही मुखपृष्ठ छापताना निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया वेगळ्या उतरतात. पडद्यावरचा झळाळता निळा आणि पोपटी या शायांना जमत नाही. म्हणून संपादकांना पर्याय पाठवण्याआधी छापखान्याचं प्रोफाइल लावून ‘सॉफ्ट प्रूफ’मध्ये तिन्ही पाहावेत. मोरपिशी तिथे फिका पडत असेल तर ग्रेडियंटचं उजळ टोक थोडं गडद करावं, आणि मगच फाइल पाठवावी.