लोणी येतंय… रवी सोडू नका!

रवी, दोरी, डेरा आणि दंडात थोडा दम. झाला तुमचा बटर-प्लांट रेडी! लाइट बिल शून्य, जिमची फी माफ.

माहीत आहे का, डेऱ्यात नेमकं काय घडतं? विरजलेल्या सायीत स्निग्धांशाचे असंख्य बारीक थेंब पाण्यात तरंगत असतात, प्रत्येकाभोवती पातळसं वेष्टन. दोरी इकडे-तिकडे ओढली की थेंबांची धडकाधडकी सुरू! वेष्टनं फाटतात, थेंब एकमेकांना चिकटतात. आधी पाण्यात फॅट होतं, आता फॅटमध्ये पाणी. टोटल पलटी!

खरा सस्पेन्स तापमानाचा. उन्हाळ्यात लोणी इतकं मऊ की गोळा धरेना, थंडीत इतकं घट्ट की कण जुळेनात. आजीचा फंडा सोपा: मे महिन्यात माठातलं गार पाणी, डिसेंबरात कोमट. आणि कान डेऱ्याकडे! जड घरघर थांबून हलकं छपक-छपक ऐकू आलं की समजा, पाहुणे आले. थर्मामीटर गेला उडत.

लोणी पांढरंफेक आहे? घाबरू नका, म्हशीचं असेल. चाऱ्यातलं बीटा-कॅरोटीन गाईच्या दुधात उतरून लोणी पिवळसर करतं. म्हैस मात्र त्याचं ‘अ’ जीवनसत्त्व करून मोकळी होते.

सर्वांत जम्बो रवी कोणती? मंदार पर्वत! वासुकीची दोरी, देव विरुद्ध दानव. हाच सीन बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर भव्य शिल्पात उभा आहे. अमृताचं वाटप गाजलं, ताकाचं काय झालं ते कुणीच सांगत नाही.

आणि महाबलीपुरमचा ‘कृष्णाचा लोण्याचा गोळा’? सुमारे २५० टनांचा दगड, तोही उतारावर! खायला नाही, सेल्फीला.

आयर्लंडच्या दलदलीत पुरलेलं लोणी सापडतं, काही गोळे तर ३,००० वर्षांहून जुने. एक्स्पायरी डेट विचारू नका.

फ्रान्समधल्या रूआँच्या कॅथेड्रलला तर चक्क ‘लोण्याचा मनोरा’ आहे. उपवासात लोणी खायची मुभा हवी? मग दान द्या! त्या पैशातून तो उभा राहिला, असं सांगतात. आपल्याकडे उपवासाला लोणी चालतं, नाहीतर गल्लोगल्ली मनोरे दिसले असते.

बरं, गोळा निघाला की पाणी नितळ येईपर्यंत धुवा. ताक मागे राहिलं तर लोणी लवकर आंबतं. मग कढवा, तूप गाळा आणि खाली उरलेल्या बेरीत साखर घाला. पटकन हं, कढईवर भावंडांचाही डोळा आहे!