केळी, हळद आणि सेन्सेक्स

बालमित्रांनो, हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यात डोंगरकडा नावाचं गाव आहे. हा भाग केळीचा अन् हळदीचा. समजा, तिथल्या एका शेतकऱ्यानं सगळ्या रानात केळीच लावली आणि ऐन घड लागल्यावर वादळ आलं, तर? अख्खी बाग आडवी! पण थोडी केळी, थोडी हळद, थोडी तूर असेल तर? केळी पडली, तरी जमिनीतली हळद हाती लागते. वर्ष निभावतं.

पैशाचंही असंच आहे, बरं का! शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीतला छोटासा हिस्सा. कंपनी वाढली तर हिस्स्याची किंमत वाढते, कंपनी बुडाली तर आपले पैसेही बुडतात. मग कंपनी निवडायची कोणती? उद्या कोण पुढे जाईल, हे भल्याभल्यांनाही आधी सांगता येत नाही.

बातम्यांत तुम्ही ‘सेन्सेक्स वधारला’ असं ऐकता ना? मुंबई शेअर बाजारानं १९८६ साली हा निर्देशांक सुरू केला. ‘सेन्सिटिव्ह’ आणि ‘इंडेक्स’ हे शब्द जोडून त्याला ‘सेन्सेक्स’ हे नाव दिलं बाजाराचे अभ्यासक दीपक मोहोनी यांनी. त्यात ३० मोठ्या कंपन्या असतात. १९७८-७९ साली तो १०० होता असं धरतात. जुलै २०२४ मध्ये त्यानं ८० हजारांचा टप्पा ओलांडला!

इंडेक्स फंड काय करतो? अनेकांचे पैसे एकत्र करून याच कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेतो. मोठ्या कंपनीचा वाटा मोठा, लहानीचा लहान. निवड करायला तज्ज्ञांची फौज लागत नाही, म्हणून खर्चही कमी. अनेक इंडेक्स फंड शंभर रुपयांमागे वर्षाला पन्नास पैशांपेक्षाही कमी घेतात.

एखादी कंपनी बुडाली तर? जानेवारी २००९ मध्ये ‘सत्यम’ कंपनीच्या हिशेबातला मोठा घोटाळा उघड झाला. ती सेन्सेक्समध्ये होती. तिला काढून ‘सन फार्मा’ला घेतलं. ज्यांचे सगळे पैसे सत्यममध्ये होते, त्यांचं कंबरडं मोडलं. इंडेक्स फंडवाल्यांनाही तोटा झाला, पण तिच्या वाट्यापुरताच.

पण थांबा! कधीकधी सगळं रानच दुष्काळात सापडतं. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांच्या आसपास होता. मार्च २००९ मध्ये तो ८,२०० च्याही खाली आला. म्हणजे लाखाचे चाळीस हजारच उरले! पुन्हा २१ हजार व्हायला नोव्हेंबर २०१० उजाडलं. ज्यांनी मधेच घाबरून विकलं, त्यांचा तोटा पक्का झाला.

म्हणून आईबाबांनो, पुढच्या वर्षीच्या फीचे किंवा दवाखान्यासाठी ठेवलेले पैसे इथे घालू नयेत. ते बँकेत किंवा पोस्टातच बरे. दहा-पंधरा वर्षं हात लावायचा नाही, असेच पैसे इथे ठेवावेत. तरीही फायद्याची हमी कुणी देत नाही. आणि ‘वर्षात दामदुप्पट’ म्हणणारा भेटला, तर त्याला लांबूनच नमस्कार!

दोस्तांनो, आता एक वही घ्या. दर शनिवारी वर्तमानपत्रात बघून आदल्या दिवशीचा सेन्सेक्स लिहा. वर्षभरानं वही उघडून बघा. चढउतार म्हणजे काय, ते एक रुपयाही न घालता कळेल!