आडव्या येणाऱ्या जाहिराती आणि शोधयंत्राची क्रमवारी

संकेतस्थळाचे पान उघडताच मूळ मजकुरावर येऊन बसणाऱ्या जाहिरातीस पॉप-अप म्हणतात. अशा जाहिरातींमुळे गूगलच्या शोधनिकालांत त्या पानाचा क्रम घसरतो, असे विधान सर्रास केले जाते. ते विधान निराधार नाही. परंतु ते किती अंशी आणि कोणत्या अटींवर खरे आहे हे पाहिल्यावाचून त्यावरून काढलेले निष्कर्ष फसवे ठरतात. प्रस्तुत टिपणात या अटींचाच विचार करावयाचा आहे.

पॉप-अपचा उगम १९९० नंतरच्या दशकात ट्रायपॉड या संकेतस्थळावर झाला. तेथे काम केलेले इथन झुकरमन यांनी २०१४ साली लिहिल्याप्रमाणे, जाहिरातदाराचे नाव एखाद्या आक्षेपार्ह पानाशी जोडले जाऊ नये, म्हणून जाहिरात स्वतंत्र खिडकीत उघडण्याची युक्ती योजण्यात आली. म्हणजे जाहिरात मजकुरापासून दूर ठेवण्यासाठी जी सोय झाली, तीच पुढे मजकूर झाकू लागली. भ्रमणध्वनीच्या लहानशा पडद्यावर तर तिने सारी जागा व्यापली.

यासंबंधी गूगलने २३ ऑगस्ट २०१६ रोजी जाहीर केलेला नियम १० जानेवारी २०१७ पासून अमलात आला. भ्रमणध्वनीवरील शोधनिकालातून वाचक पानावर आला असता त्यास मजकूर सहज दिसत नसेल, तर त्या पानाचा क्रम खाली जाऊ शकतो, असे त्याचे स्वरूप आहे. कायद्याने आवश्यक असलेल्या सूचना, खासगी मजकुरापूर्वीची प्रवेशाची चौकट आणि थोडी जागा घेणाऱ्या, सहज बंद करता येणाऱ्या पट्ट्या यांना त्यातून वगळण्यात आले. यावरून असे दिसते की, नियमाचा रोख पॉप-अप या तंत्रावर नाही. शोधनिकालाने जे देऊ केले, ते वाचकाच्या हाती पडण्यात येणाऱ्या अडथळ्यावर तो आहे.

आता या निकषाचे वजन किती? त्याच घोषणेत गूगलने नमूद केले होते की, शोधामागील हेतू हा प्रबळ निकष राहील आणि मजकूर उत्तम व समर्पक असल्यास असे पानही वरच्या क्रमावर राहू शकेल. म्हणून एखाद्या संकेतस्थळाने पॉप-अप काढले आणि त्याचा क्रम सुधारला, एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पॉप-अप काढल्याने पान लवकर उघडू शकते, वाचताना मजकूर जागचा हलत नाही. याही गोष्टी क्रमवारीत विचारात घेतल्या जातात. शिवाय गूगलच्या गणनपद्धतीत वारंवार बदल होत असतात. अभ्यासकाने ही कारणे वेगळी काढलीच पाहिजेत.

किंबहुना क्रमाच्या घसरणीपेक्षा वाचकाचे निघून जाणे ही मोठी हानी असू शकते. गूगलने २०१५ साली आपल्या गूगल प्लस या सेवेविषयी आकडे प्रसिद्ध केले. ॲप घेण्याचा आग्रह करणारा पूर्ण पडदा दाखविला असता ९ टक्के भेटींत ॲपची कळ दाबली गेली. ६९ टक्के भेटी तेथेच संपल्या. पडदा काढल्यावर भ्रमणध्वनीवरून संकेतस्थळ वापरणाऱ्यांची दैनिक संख्या १७ टक्क्यांनी वाढली. येथे आग्रह स्वतःच्याच ॲपचा होता, परक्या मालाचा नव्हे. तरीही वाचकाची प्रतिक्रिया पुरेशी बोलकी आहे.

अखेरीस एक प्रश्न उरतो. हा नियम करणारी संस्था स्वतःच जाहिरातींचा प्रचंड व्यापार करते, आणि तिने शोधसेवेतील मक्तेदारी बेकायदेशीरपणे राखली, असा निर्णय अमेरिकेतील संघीय न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिला. जाहिरातीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या लहान प्रकाशनास असा नियम कायद्यासारखाच बंधनकारक वाटतो. मात्र त्यावर दाद मागावयाची कोठे, हे त्यास ठाऊक नसते. नियम वाचकाच्या हिताचा आहे, हे मान्य करूनही तो करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा लागतो. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणजे दुसऱ्याचे मिळाले, असे होत नाही.